संकेतस्थळ आणि शोधयंत्र : लहान उत्पादकांसाठी काही माहिती

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची घेऊन बसलेल्या शेतकऱ्यास आपला माल कोठे आहे हे कोणास सांगावे लागत नाही. येणारा-जाणारा तो डोळ्यांनी पाहतो. इंटरनेटवरील बाजाराची रीत निराळी आहे. तेथे ग्राहक आपल्या मनातील शब्द शोधयंत्रास लिहून देतो आणि ते जी संकेतस्थळे पुढे ठेवील, त्यांपैकी पहिल्या काहींकडेच बहुधा वळतो. म्हणूनच संकेतस्थळ उभारणाऱ्या उत्पादकांनी, स्वयंसाहाय्य गटांनी आणि सहकारी संस्थांनी या यंत्राची कार्यपद्धती समजून घेणे अगत्याचे आहे.

विचारणा होताच शोधयंत्र जगभर धावत सुटते, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. त्याचे बहुतेक काम आधीच झालेले असते. प्रथम त्याची आज्ञावली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानाकडे जात असंख्य पाने वाचून काढते. नंतर त्या पानांतील शब्दांची सूची तयार होते. ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीत अमुक शब्द कोणकोणत्या पृष्ठांवर आला आहे हे दिलेले असते, तशीच ही सूची होय. विचारणा आली की ही सूची चाळली जाते आणि उपयुक्ततेनुसार पानांचा क्रम लावला जातो. जे पान सूचीत नाही, ते ग्राहकास दिसणार नाही.

क्रम कसा लावावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. १९९० मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात तयार झालेली ‘आर्ची’ ही प्रणाली केवळ फाइलींची नावे शोधून देई. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन या विद्यार्थ्यांनी असा विचार मांडला की, एका पानाने दुसऱ्याचा दुवा देणे ही एक प्रकारची शिफारस समजावी आणि शिफारस करणाऱ्याच्या योग्यतेनुसार तिचे वजन ठरवावे. या विचाराच्या पायावर १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली. आज क्रम ठरविताना इतरही पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. तथापि शिफारशीचे महत्त्व टिकून आहे.

आता काणकोण तालुक्यातील खोला येथील मिरचीचे उदाहरण घेऊ. या मिरचीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. समजा, एखाद्या गटाने तिच्या विक्रीसाठी संकेतस्थळ काढले; परंतु त्यावर नुसती छायाचित्रे घातली आणि सर्व माहिती चित्रातच छापली. अशी माहिती यंत्रास नीट वाचता येईलच असे नाही. शिवाय पुण्याचा ग्राहक ‘मिरची’ असे लिहील, गोव्यातील गृहिणी ‘मिरसांग’ म्हणेल, तर कोणी रोमन लिपीत विचारील. समानार्थी शब्द यंत्र काही अंशी ओळखते. तरीही ही नावे, गावाचे नाव, वजन, किंमत आणि माल पाठविण्याची सोय पानावर साध्या शब्दांत लिहिणे इष्ट होय. एकच शब्द शंभर वेळा लिहिण्याने मात्र लाभ होत नाही. उलट तशी लबाडी आढळल्यास पान मागे पडते. पान मोबाइलवर सहज वाचता यावे, ही दक्षताही घ्यावी.

एका बाबतीत विशेष सावधगिरी हवी. ‘तुमचे नाव पहिल्या क्रमांकावर आणण्याची हमी देतो’ असे सांगून पैसे मागणारे लोक आढळतात. पैसे देऊन जाहिरात करता येते आणि ती ‘प्रायोजित’ अशा खुणेने वेगळी दाखविली जाते. परंतु नैसर्गिक क्रमातील जागा गूगल विकत नाही. त्यामुळे अशी हमी कोणासही देता येत नाही. कष्टाने जमविलेले भांडवल अशा आश्वासनांवर घालविण्यापूर्वी गटाच्या सभासदांनी विचार करावा. गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करण्यास काहीही मूल्य पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

गावातील शिक्षक आणि ग्रामसेवक यांना या कामी मोठे साहाय्य करता येईल. संकेतस्थळावरील मजकूर शुद्ध, खरा व पूर्ण आहे की नाही हे त्यांनी पाहून दिले, तर दूरच्या ग्राहकास उत्पादकाचे घर सापडेल आणि मालाचा योग्य मोबदला थेट त्याच्या हाती पडण्याची वाट मोकळी होईल.