कपाटावरची पट्टी

घर आजोबांच्या काळचे आणि कपाट मात्र परवाचे. तुमच्या स्वयंपाकघरात असे असेल, तर कपाटाचा माथा आणि छत यांमधल्या फटीचे काय करावे, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल.

कुंकवासाठी नाव झालेले केम तुम्हाला ठाऊक असेल. करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे गाव. या बाजूची जुनी घरे माळवदाची. जाड भिंती, लाकडी तुळया, त्यांवर किलचण आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पण नवे कपाट असते गुण्यात, आणि छत एका कोपऱ्यात दोन बोटे वर, तर दुसऱ्यात चार. त्या फटीत जळमटे, पाली, उंदीर. वरून मातीचा कण पडतो तो नेमका परातीतल्या पिठात!

सुतार म्हणतो, "वहिनी, नक्षीची पट्टी मारू. फट दिसणारच नाही." सासूबाई म्हणतात, "झाकशील बाबा, पण आत वाळवी लागली तर कळायचं कसं?"

सासूबाईंचे आधी ऐका. तुळई भिंतीत शिरते तेथेच ओल धरते, आणि ओल तेथे वाळवी. ते टोक ठोकून पाहा. आवाज पोकळ आला किंवा टोच्या सहज आत गेला, तर पट्टीचे पैसे तुळईच्या दुरुस्तीला लावा. मातीचे छत फार जड असते आणि दरवर्षी नवी माती टाकून आपण ते आणखी जड करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि अशी जड छते कोसळूनच हजारो माणसे दगावली.

तुळई धड असेल, तर खुशाल पट्टी लावा. सागाची चार इंची, एकच कंगोरा असलेली पट्टी पुरे. खोल नक्षीत फोडणीचा चिकटा आणि धूर बसतो, मग तो निघत नाही. भुसा दाबून केलेली तयार पट्टी स्वस्त मिळते, पण वाफेने फुगते.

छत वाकडे आहे म्हणून पट्टीखाली पाचरी ठोकू नका. पट्टी पाणसळीत धरायची, लाकडाचा ठोकळा छताला टेकवून सरकवायचा आणि त्याच्याबरोबर पेन्सिल ओढत न्यायची. छताची सारी वळणे पट्टीवर उतरतात. त्या रेघेवर कापले, की काम चोख.

पट्टी कपाटालाच जोडा, तुळईला नाही. पावसात माती भिजून छत थोडे दबते, आणि मग घट्ट बसवलेली पट्टी तडकते. वर अर्धा इंच जागा ठेवून तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावावी. धूळ अडते आणि छतालाही दबायला जागा राहते. चुलीचा धूर जाण्याचे साणे मात्र कधी बुजवू नका.

आणि खिळ्यांऐवजी स्क्रू वापरा. मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा पट्टी उतरवा, बॅटरी मारून तुळईचे टोक बघा. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली, तर ती वाळवीची वाट समजा आणि त्याच दिवशी हात घाला. तपासणीच्या वेळी सासूबाईंनाही बोलवा. कुठल्या कोपऱ्यात पूर्वी गळत होते, ते त्यांनाच ठाऊक असते.