मालिश करताना ग्राहकाला इजा झाली, तर भरपाई कोण देणार? इन्शुरन्स घेण्याआधी एवढं वाचा

कोल्हापूरला मालिश नवीन नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत पैलवानांची अंगं रगडणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. तिथं सगळा घरचा मामला. मालिश करताना खांदा दुखावलाच तर वस्ताद बघून घ्यायचे, कोर्टकचेरीचा विषयच नव्हता.

आता मात्र मालिशचं दुकान झालंय. मसाज सेंटर आहेत, फोन केला की घरी येणारे थेरपिस्ट आहेत. आणि पैसे देऊन सेवा घेणारा माणूस कायद्यानं ग्राहक असतो. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेत कसूर झाली, तर तो 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. सेवेसाठी मोजलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील, तर तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. बरं, मसाज 500 रुपयांचा होता म्हणून भरपाईही 500 रुपयांचीच मागितली जाईल असं नाही. दवाखान्याचं बिल आणि बुडालेला रोजगार धरला की आकडा लाखांत जातो.

मालिशनं असं काय मोठं होणार, असं वाटेल. काही वर्षांपूर्वी दिल्लीत एका तरुणाच्या पायाचं प्लास्टर काढल्यावर घरच्यांनी त्याचा दुखरा पाय तेलानं चोळून दिला. पायाच्या शिरेत साचलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाकडे गेली आणि तो गेला. हेच एखाद्या थेरपिस्टच्या हातून झालं असतं तर?

इथं कामाला येतो लायबिलिटी इन्शुरन्स. तो दोन प्रकारचा असतो आणि गडबड इथूनच सुरू होते.

पहिला, प्रोफेशनल इंडेम्निटी. तुमच्या कामातल्या चुकीमुळे ग्राहकाला इजा झाली तर हा लागतो. दुसरा, पब्लिक लायबिलिटी. तेल सांडलेल्या फरशीवरून ग्राहक घसरला, तर हा लागतो. सेंटर चालवत असाल तर दोन्ही बघा. घरोघरी जाऊन काम करत असाल तर आधी पहिला.

दुसरा घेताना नावाला फसू नका. 1991 सालचा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर तो आला. त्याखालच्या पॉलिसीचा मसाज सेंटरला काही उपयोग नाही. तुम्हाला 'नॉन-इंडस्ट्रियल' पब्लिक लायबिलिटी हवी.

आता पॉलिसीत काय बघायचं?

1) कामाचं वर्णन. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. डॉक्टर, सीए, आर्किटेक्ट यांच्यासाठी कंपन्यांकडे तयार पॉलिसी असतात. मसाज थेरपिस्टला बऱ्याचदा विचारून, वेगळी मांडून घ्यावी लागते. फॉर्मवर नुसतं 'वेलनेस' लिहून मोकळं होऊ नका. काय काय करता ते लिहा: तेल मालिश, गरम दगड, कपिंग, घरी जाऊन सेवा. कारण जे सांगितलं नाही, त्याचा क्लेम अडकतो.

आपल्याकडची खरी मेख इथं आहे. मालिश करणाऱ्याला हक्कानं सांगितलं जातं, 'जरा हाड बसव की', 'मान मोडून दे की'. तुम्ही ते केलंत आणि मानेला इजा झाली, तर कंपनी म्हणेल, हे तुमच्या कामात आणि शिक्षणात बसत नाही. म्हणजे धोका सगळ्यात जास्त जिथं, तिथंच इन्शुरन्स हात वर करणार. म्हणून सर्टिफिकेट ज्याचं आहे तेवढंच करा.

2) तारीख. ही पॉलिसी साधारणपणे 'क्लेम्स-मेड' असते. म्हणजे घटना घडली तेव्हा नाही, तर दावा आला तेव्हा पॉलिसी चालू लागते. समजा, मसाज 2025 मध्ये केला, 2026 मध्ये पॉलिसी बंद केली आणि 2027 मध्ये नोटीस आली. सगळे पैसे तुमच्या खिशातून. त्यामुळं खंड पडू देऊ नका आणि 'रेट्रोॲक्टिव्ह डेट' विचारा. त्या तारखेच्या आधीची घटना धरली जात नाही. कंपनी बदलताना जुनी तारीख कायम ठेवून मागा.

3) मर्यादा. '10 लाखांची पॉलिसी' एवढ्यावर थांबू नका. एका घटनेला किती आणि वर्षाला किती हे दोन वेगळे आकडे असतात. वकिलाचा खर्च त्यातूनच जातो का, आणि प्रत्येक क्लेममध्ये पहिली किती रक्कम तुम्ही भरायची, हेही विचारा.

4) कोण कोण धरलंय. हाताखाली दोन पोरं काम करत असतील, तर त्यांच्या चुकीची जबाबदारी पॉलिसीत आहे का, ते लेखी घ्या.

आणि समजा, तक्रार आलीच. आपला पहिला विचार असतो, वीस हजार देऊन मिटवून टाकू. थांबा. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल केली किंवा तडजोड केली, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. आधी कंपनीला कळवा. ग्राहकाला दवाखान्यात मात्र लगेच न्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

इन्शुरन्स काय करत नाही, तेही माहिती हवं. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपचार करताना असं घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ती 2 वर्षांपर्यंत आहे. ही सवलत मसाज थेरपिस्टला नाही. तुरुंगवास आणि दंड कुठलीच पॉलिसी भरत नाही.

म्हणून मसाजच्या आधी एक साधा कागद भरून घ्या. नुकतं ऑपरेशन, प्लास्टर, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गरोदरपण, एकाच पोटरीला सूज असं काही आहे का? असेल तर हात लावायच्या आधी डॉक्टरांकडे पाठवा. ग्राहक वाचतो, आणि उद्या वाद झालाच तर आयोगापुढं आणि कंपनीपुढं दाखवायला तोच कागद तुमच्या हातात असतो.