रताळ्याची खीर : कृति व कारणमीमांसा

जी वस्तु नेहमीं डोळ्यांपुढें असते, तिची योग्यता मनुष्यास सहसा कळत नाहीं. रताळ्याचें असेंच झालें आहे. आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्र आली म्हणजे बाजारांत रताळ्यांचे ढीग लागतात; उपवास सुटला कीं मंडळींस त्यांचा विसर पडतो. प्रस्तुत लेखांत रताळें, नारळ व गूळ या तीन पदार्थांची खीर, गाईम्हशीचें दूध अथवा तूप मुळींच न घालतां कशी करावी, हें आम्ही सांगणार आहों. कित्येकांस दूध पचत नाहीं. कित्येकांच्या घरीं तें पुरेसें येत नाहीं. कांहीं कुटुंबें प्राणिजन्य पदार्थ बुद्ध्याच वर्ज्य करितात. सणाच्या दिवशीं अशा घरांतील मुलांचें पान गोडावांचून राहूं नये, हा आमचा एक हेतु. चुलीवर जें घडतें त्याचीं कारणें विद्यार्थ्यांस कळावींत, हा दुसरा.

प्रथम रताळ्याचें मूळ पाहूं. ‘रताळें’ हें नांव ‘रक्तालु’, म्हणजे तांबडा कंद, या संस्कृत शब्दाशीं जुळतें. परंतु हा वेल मूळचा अमेरिकेंतील. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो युरोपास कळला, आणि पुढें पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर पूर्वेकडे पसरला. मौज अशी कीं, कॅरिबियन बेटांतील टायनो लोकांचा ‘बताता’ हा शब्द रताळ्याचाच होता. युरोपियनांनीं तो उचलला आणि मागाहून दुसऱ्याच एका कंदास लावला. तात्पर्य, आपण भाजीच्या बटाट्यास आज रताळ्याच्या नांवानें हांक मारीत आहों! वास्तविक दोघांचीं कुळें निराळीं आहेत. बटाटा वांग्याच्या कुळांतला, रताळें गणेशवेलीच्या कुळांतलें. बटाटा म्हणजे जमिनींत फुगलेलें खोड, तर रताळें म्हणजे फुगलेलें मूळ.

आतां साहित्य. सहा माणसांस पुढील जिन्नस पुरतात : रताळीं अर्धा किलो, मोठा नारळ एक, चिरलेला गूळ ७५ ग्रॅम, वेलदोडे पांच, काजू दहाबारा आणि मीठ चिमूटभर. रताळीं घट्ट व डागविरहित पाहून घ्यावींत. किडीनें पोखरलेलें रताळें कडू होतें व तें शिजवूनहि कडूच राहतें. तेवढा भाग कापून उरलेलें वापरण्याचा मोह न धरतां तें टाकून द्यावें. कच्चीं रताळीं शीतकपाटांतहि ठेवूं नयेत. अति थंडीनें त्यांचा गाभा कठीण होतो व शिजवूनहि मऊ होत नाहीं.

रताळीं स्वच्छ धुवून, सालीसकट व अखंडच, थंड पाण्यांत घालावींत आणि भांडें मंद आंचेवर ठेवावें. सुरी सहज आंत जाईपर्यंत, म्हणजे सुमारें पाऊण तास, तीं शिजूं द्यावींत. तोंवर नारळ खवून एक वाटी कोमट पाण्यांत वाटावा व फडक्यांतून पिळून दाट दूध निराळें काढावें. त्याच चोथ्यांत दोन वाट्या पाणी घालून पुन्हा वाटावें व पातळ दूध काढावें. गूळ थोड्या पाण्यांत विरघळवून गाळून घ्यावा, म्हणजे त्यांतील कचरा निघून जातो.

रताळीं सोलून अर्धीं कुस्करावींत व अर्ध्यांच्या लहान फोडी कराव्यात. कुस्करलेला भाग पातळ दुधांत कालवून दहा मिनिटें शिजवावा. मग गूळ, मीठ व फोडी घालून आणखी पांच मिनिटें ठेवावें. शेवटीं दाट दूध घालावें, एक वाफ आल्याबरोबर भांडें खालीं उतरावें आणि वेलदोड्याची पूड व काजू घालावेत. तांदळाच्या पिठीची गरज नाहीं. रताळ्यांतील पिष्ट खिरीस आपोआप दाटपणा आणतें. म्हणूनच ही खीर उपवासासहि चालते.

येथें चौकस विद्यार्थी विचारील कीं, मंद आंच कशाकरितां? रताळ्यांत पिष्टाचें शर्करेंत रूपांतर करणारा एक विकर असतो. उष्णतेनें पिष्ट फुगून मोकळें झालें म्हणजे हा विकर त्यापासून माल्टोज नांवाची साखर बनवितो. परंतु उष्णता फार वाढली म्हणजे तो स्वतःच निकामी होतो. रताळें हळूहळू तापलें तर त्यास काम करण्यास अवधि मिळतो. एकदम कढत पाण्यांत टाकल्यास मिळत नाहीं. निखाऱ्यांत भाजलेलें रताळें इतकें गोड कां लागतें, याचें उत्तर यांतच आहे. याची प्रचीति घ्यावयाची असल्यास एकाच रताळ्याचे दोन भाग करावेत; एकाचे पातळ काप करून ते उकळत्या पाण्यांत टाकावेत, दुसरा भाग थंड पाण्यापासून मंद आंचेवर शिजवावा, आणि डोळे मिटून दोहोंची चव पाहावी. दाट दूध शेवटीं घालण्याचेंहि कारण आहे : तें खळखळून उकळल्यास त्यांतील तेल व पाणी वेगळीं होऊन खीर फुटते.

पौष्टिकतेविषयीं दोन शब्द. शंभर ग्रॅम कच्च्या रताळ्यांत सुमारें ८६ उष्मांक व ३ ग्रॅम तंतु असतात. गराचा रंग नारिंगी असेल तर त्यांत बीटा कॅरोटीन भरपूर असतें व त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवितें. या जीवनसत्त्वाच्या अभावीं मुलांस रातांधळेपणा येतो. पांढऱ्या गराच्या रताळ्यांत मात्र हा गुण नसल्यासारखाच आहे. आफ्रिकेंत नारिंगी रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांस २०१६ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, यावरून या साध्या कंदाचें महत्त्व ध्यानांत येईल. आपल्या देशांतहि तिरुवनंतपुरम् येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेनें ‘भू सोना’ हा नारिंगी वाण काढला आहे. कॅरोटीन स्निग्ध पदार्थांत विरघळतें. म्हणून नारळाच्या दुधाची जोड येथें केवळ रुचीपुरती नाहीं.

तथापि, पौष्टिक म्हणजे वाटेल तितकें खावें असा अर्थ कोणी करूं नये. गूळ हीहि अखेर साखरच होय, आणि नारळाच्या दुधांत स्निग्धांश पुष्कळ असतो. घरांत कोणास मधुमेह असल्यास मंद आंचेनें वाढलेली गोडीहि हिशेबांत धरावी व वैद्यकीय सल्ल्यानेंच वाटी पुढें करावी. इतरांनीं एक वाटी समाधानानें खावी. ज्या कंदास आपण उपवासापुरतें घरांत घेतों, त्यास वर्षांतून आणखी चारदोन वेळां पंक्तीस बसविलें, तर आमचा हा लेख सार्थकीं लागेल.