‘इन्सिडियस’ : दडून बसणारा शब्द

गेल्या वर्षीं माझे डोळे तपासले, तेव्हां काचबिंदूचें निदान झालें. डॉक्टरांच्या टिपणांत ‘इन्सिडियस’ असें एक विशेषण होतें. शाळेंत जाणाऱ्या नातवानें विचारलें, “आजोबा, ह्याचा अर्थ काय हो?” तीस-पस्तीस वर्षें वर्गांत अर्थ सांगण्यांत गेलेलीं, ‘कपटी’ एवढें सांगून मी मोकळा झालों. पण मनाचें समाधान होईना. रोग कपटी कसा?

कोश उघडला. लॅटिनमध्यें ‘इन्’ म्हणजे आंत किंवा वर, व ‘सेदेरे’ म्हणजे बसणें. त्यांपासून ‘इन्सिदिए’, म्हणजे शत्रूसाठीं धरलेला दबा. त्याचें विशेषण १६ व्या शतकांत इंग्रजींत आलें. हा ‘सेदेरे’ आणि आपला संस्कृत ‘सद्’ धातु एकाच मुळाचे. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचा उगम एक असावा असें प्रतिपादिलें, त्याचीच ही एक साक्ष. सभासद, परिषद्, संसद् हे शब्द ‘सद्’चेच, आणि गुरूजवळ बसून मिळवावयाची विद्या ती उपनिषद्, अशी रूढ व्युत्पत्ति आहे. बसणें एकच, गुरूपाशीं बसलें तर ज्ञान, वाटेंत दडून बसलें तर घात! आपली मराठीहि ‘दबा धरून बसणें’ असेंच म्हणते.

तेव्हां ‘कपटी’ हा अर्थ अपुरा. घात करण्यापूर्वीं जें निमूटपणें येऊन बसतें, तें इन्सिडियस. काचबिंदूचा नेहमीं आढळणारा प्रकार असाच आहे. डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं. दृष्टीचा मज्जातंतु हळूहळू झिजतो, कडेचें दिसणें कमी होत जातें. समोरचें अक्षर मात्र पुष्कळ काळ स्पष्ट दिसतें. मी रोज पोथी वाचीत होतों, म्हणून डोळे उत्तम आहेत असें समजलों. जिन्याची पायरी चुकूं लागली, तो दोष वार्धक्याला दिला. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. वेळींच उपचार झाल्यास उरलेली बहुधा राखतां येते.

माझ्या वडिलांचीहि दृष्टि अखेरीस गेली होती. कारण कोणी शोधलें नाहीं. हा विकार कुळांत उतरूं शकतो. म्हणून चाळिशी उलटलेल्यांनीं, विशेषतः ज्यांच्या घरांत तो झाला असेल त्यांनीं, कांहीं त्रास नसतांहि डोळ्यांतील दाब व मज्जातंतु तपासून घ्यावा.

नातवाला आतां शब्दाचा अर्थ नीट सांगितला आहे, आणि त्याच्या वडिलांना तपासणीस पाठविलें आहे.