बसलेल्या गड्याचें काम

खोखोचा सामना पाहावयास जमलेली मंडळी बहुधा दोघांकडेच पाहत असतात. एक पळणारा व दुसरा त्याच्या पाठीस लागलेला. मधल्या पाटीवर उकिडवे बसलेले आठ गडी कोणाच्या ध्यानांतहि येत नाहींत. गेल्या हिवाळ्यांत एका पालकांनीं मला विचारलें, "आमचा मुलगा नुसता बसूनच असतो. त्याला खेळावयास मिळणार तरी केव्हां?" त्या वेळीं मला त्यांस नीट उत्तर देतां आलें नाहीं, तें येथें देतों.

पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानांत असतात. आठ बसलेले व एक उभा. बसलेल्यांचीं तोंडें आळीपाळीनें विरुद्ध बाजूंस असतात. पळणारे तिघातिघांच्या तुकडीनें उतरतात आणि डाव ९ मिनिटांचा असतो. उभ्या गड्यास मधली पाटी ओलांडतां येत नाहीं, व एकदां धरलेली दिशा खांबापर्यंत पोहोंचल्यावांचून बदलतां येत नाहीं. पळणाऱ्यास मात्र कोठेंहि वळण्याची मोकळीक आहे. अर्थात् या झटापटींत बांधलेला असतो तो पाठलाग करणाराच, आणि त्याची सुटका केवळ खो देण्यांत आहे.

प्रत्येक संघ कांहीं योजना आंखूनच उतरतो. पळणाऱ्यास हळूहळू खांबाकडे रेटीत न्यावें व तेथें सूर मारून बाद करावें, अशी ती बहुधा असते. परंतु चतुर पळणारा ऐन वेळीं थबकतो, खांद्याची हूल देतो, पाठलाग करणाऱ्यास पुढें जाऊं देतो आणि स्वतः त्याच्या मागच्या बाजूस निसटतो. योजना तेथेंच मोडली! उभा गडी वळूं शकत नाहीं. आतां सर्व भिस्त बसलेल्यांवर.

अमेरिकेंत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात तो आपल्या फुटबॉलाहून निराळा आहे. त्यांत क्वार्टरबॅक नांवाचा गडी चेंडू हातानें फेंकून आपल्या सोबत्यांस देतो. प्रतिपक्षानें त्याला जागेवरून पिटाळलें, म्हणजे चेंडू झेलणारे आधीं ठरलेल्या वाटा सोडून देतात. त्याच्या दृष्टीस पडेल अशा मोकळ्या जागेकडे कोणी जवळ येतो, कोणी दूर धांवतो. आमच्या बसलेल्या गड्यास तसें एक पाऊलहि हलतां येत नाहीं. त्याची सर्व हालचाल मनांत व्हावयाची असते, आणि म्हणूनच ती अधिक अवघड आहे.

कल्पना करा कीं, उभा गडी उत्तरेच्या अंगानें पूर्वेकडे धांवत आहे व पळणारा हूल देऊन त्याच अंगास पश्चिमेकडे निसटला आहे. उभ्या गड्यानें ज्याला खो द्यावयाचा त्याची पाठ उत्तरेस, म्हणजे तोंड दक्षिणेस. तो उठला तरी पळणारा त्याच्या पाठीमागेंच राहणार. अशा वेळीं त्यानें पाठलाग करूं नये; पश्चिमेची दिशा घेऊन शेजारच्यास तत्काळ खो द्यावा. त्या शेजाऱ्याचें तोंड उत्तरेस आहे. खरा पाठलाग त्याचा. उलट पळणारा मधून दक्षिणेस आला असेल, तर पहिल्यानेंच त्याच्यावर झडप घालावी. हा निर्णय उठल्यानंतर करूं म्हटल्यास उशीर होतो. उठणाऱ्यास दिशा निवडण्याची मोकळीक पहिल्या पावलापुरतीच असते, आणि संवयीनें जुनीच दिशा धरणारे गडी मीं पुष्कळ पाहिले आहेत.

म्हणून डोळे पळणाऱ्यावर ठेवावे, मान वळवावी लागली तरी. कान मात्र खोकडे. भार चवड्यांवर असावा. दूरच्या चौकोनांतल्यानें "माझी पाळी अजून लांब आहे" असें समजूं नये, कारण साखळी मोडून निसटलेला पळणारा पुष्कळदां तिकडेच येतो. खो देणाऱ्यानेंहि रिकाम्या झालेल्या जागीं चटकन् बसावें.

उतावीळपणा मात्र घातक आहे. सांगलीस साताऱ्याच्या एका संघाशीं झालेल्या सामन्यांत आमचा एक मुलगा पाठीस हात लागण्यापूर्वींच उठला. पंचांनीं फाउल दिला, उभ्या गड्यास उलट दिशेस जावें लागलें, आणि पळणारा वेळ संपेपर्यंत टिकला. आम्ही एका गुणानें हरलों. मुलगा संध्याकाळपर्यंत कोणाशीं बोलला नाहीं.

जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांचा व स्त्रियांचा असे दोन्ही अंतिम सामने भारतानें नेपाळविरुद्ध जिंकले. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या सामन्यांचीं चित्रें मिळाल्यास विद्यार्थ्यांनीं धांवणाऱ्यांचे पाय पाहूं नयेत. बसलेल्यांच्या माना पाहाव्या.

आमच्याकडे आतां रोज १० मिनिटें एवढाच अभ्यास चालतो. एकजण पाठीमागून येतो. कधीं पाय आपटतो, कधीं नुसताच धापा टाकीत थांबतो, आणि कधीं खरोखरच हात लावून "खो" म्हणतो. बसलेल्यानें खऱ्या खोवरच उठावयाचें, आणि उठतांना समोर उभा केलेला मुलगा ज्या बाजूस असेल त्या बाजूस पहिलें पाऊल टाकावयाचें. त्या पालकांचा मुलगा चौथ्या चौकोनांत बसतो. गेल्या आठवड्यांत तो एकदांहि फसला नाहीं.