वरातीतले पाऊल

लग्नसराईच्या दिवसांत चांदवडच्या पेठेतून एखादी वरात निघाली आणि बँडवाल्यांनी चाल धरली, की नवरदेवाच्या मित्रांचे पाय आपोआप हलू लागतात. त्यांच्यापैकी कोणी नृत्याचे शिक्षण घेतलेले असतेच असे नाही. गुडघे किंचित वाकलेले, कोपरांत दुमडलेले हात खांद्यांबरोबर झुलणारे आणि पाऊल जवळजवळ जागच्या जागी तालावर पडणारे, असे ते नृत्य असते. त्यात उंच उडी नाही की अवघड गिरकी नाही. म्हणूनच शाळकरी मुलगा आणि त्याचे आजोबा एकाच रांगेत नाचू शकतात. मुंबई-आग्रा रस्त्यावरील या गावीच नव्हे, तर महाराष्ट्रात कोठेही हे पाऊल दृष्टीस पडते. ते घरोघरी पोहोचवणाऱ्या कलावंताचे नाव भगवान आभाजी पालव. लोक त्यांना भगवानदादा म्हणत.

भगवानदादांचा जन्म 1913 साली झाला. वडील कापडगिरणीत कामगार होते. मुलानेही काही काळ मजुरी केली. परंतु मन ओढ घेत होते ते चित्रपटाकडे. मूकपटांच्या काळातच त्यांचा त्या सृष्टीत प्रवेश झाला. पुढे अनेक वर्षे त्यांनी थोड्या पैशांत मारामारीचे आणि धाडसाचे चित्रपट काढले. देह आडवा, उंची बेताची, अंग कुस्तीत कमावलेले. नर्तकाचे म्हणून जे रूप आपल्या डोळ्यांपुढे येते, त्याच्याशी यातले काहीच जुळत नव्हते.

त्या काळी मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत एक निराळेच नृत्य चाले. गुळगुळीत लाकडी जमिनीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या एकमेकांचे हात धरून नाचत. या पाश्चात्त्य नृत्यास ‘बॉलरूम’ नृत्य म्हणतात. त्याचे नियम मोठे काटेकोर. ‘वॉल्ट्झ’ असेल तर एक-दोन-तीन अशा तीन मात्रांवरच पावले पडावयाची. पाठ ताठ, मान वळलेली, पुरुषाने पाऊल पुढे टाकताच स्त्रीने मागे घ्यावयाचे. याच्या स्पर्धाही होतात, आणि परीक्षक जोडीची ठेवण, धरण्याची पद्धत व तालाचे भान बारकाईने पाहून गुण देतात. मुंबईत या नृत्यांसाठी वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक पुष्कळ होते. त्यांना लिहिलेले स्वर वाचता येत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट ही वाद्ये त्यांच्या हातची. हळदोणे गावचे अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते ओळखले जात.

हॉटेलात वाजणारी ही वाद्ये चित्रपटाच्या संगीतात मोठ्या खुबीने आणली ती सी. रामचंद्र यांनी. रामचंद्र चितळकर हे त्यांचे मूळ नाव, आणि जन्म गोदाकाठच्या पुणतांब्याचा. चांदवडपासून हे गाव फारसे दूर नाही. भगवानदादांचे ते जिवलग मित्र. राज कपूर यांच्या सल्ल्यावरून भगवानदादांनी मारामारी बाजूस ठेवून एक कौटुंबिक, प्रेमाचा आणि विनोदाचा हिंदी चित्रपट काढावयाचे ठरवले, तेव्हा संगीत अर्थातच या मित्राकडे आले. तो चित्रपट म्हणजे 1951 चा ‘अलबेला’.

‘अलबेला’चा नायक प्यारेलाल हा तुटपुंज्या पगाराचा तरुण. त्यास रंगभूमीचे वेड. घरात बहिणीच्या लग्नाची चिंता, आणि हा नटण्या-नाचण्याच्या गोष्टी करतो! वडील संतापतात, आणि नाव कमावल्याशिवाय परतावयाचे नाही असा निश्चय करून तो घराबाहेर पडतो. आशा नावाच्या नटीशी त्याची गाठ पडते; हे काम गीता बाली यांनी केले आहे. दोघे रंगमंचावर एकत्र नाचतात, लोकांना आवडतात आणि एकमेकांनाही आवडू लागतात. प्यारेलाल घरी पैसे पाठवतो. पण ते घरच्यांना मिळतच नाहीत, मधल्यामध्ये हडप केले जातात. तो परततो तेव्हा आई जगात नसते. हसवता हसवता असा चटका देणे ही या चित्रपटाची खुबी होय.

मात्र लोकांच्या ध्यानात राहिली ती गाणी आणि नाच. पडद्यावर चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह वाजवताना दिसतात. संगीत बॉलरूमच्या वाटेने आलेले. पण त्यावर भगवानदादांनी ताठ पाठीचे, मोजून टाकलेले पाऊल टाकले नाही. आपल्या आडव्या देहाला जे सहज झेपेल तेच त्यांनी केले. पाहणाऱ्याला वाटले, ‘एवढे तर मलाही येईल!’ आणि ते खरेच होते.

अशीच एक गोष्ट 1992 मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’ या चित्रपटाने सांगितली. बाझ लुहरमन हे त्याचे दिग्दर्शक. त्यातला स्कॉट हा तरुण स्पर्धेत मान्य नसलेली, स्वतःला सुचलेली पावले टाकतो, म्हणून जाणती मंडळी त्याच्यावर रुष्ट होतात. फ्रॅन नावाची नवशिकी मुलगी त्याची जोडीदार होते, आणि तिचे स्पॅनिश वडील व आजी त्या दोघांना आपल्या घरचे अस्सल नृत्य शिकवतात. ऐन स्पर्धेत त्यांचे संगीत बंद पाडले जाते. त्या शांततेत स्कॉटचे वडील टाळ्यांनी ठेका धरतात, हळूहळू सारे सभागृह त्यांना साथ देते, आणि अखेरीस प्रेक्षकच नाचावयास उतरतात. येथे एक ध्यानात घ्यावयास हवे. स्कॉटला नियम येत नव्हते असे नाही. लहानपणापासून तो तेच शिकला होता. भगवानदादांना मात्र मोडण्यासाठी नियमच नव्हते. त्यांची वाट त्यामुळे अधिक मोकळी, आणि कदाचित अधिक अवघडही होती.

‘अलबेला’ने भगवानदादांना वैभव दिले. ते टिकले नाही. पुढले चित्रपट चालले नाहीत, बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि लहानसहान भूमिका करीत ते दादरच्या चाळीत राहू लागले. 2002 साली त्यांचे निधन झाले. त्या चाळीतील दिवसांविषयी असे सांगतात, की गणेशविसर्जनाच्या मिरवणुका त्यांच्या दाराशी थांबत, आणि म्हातारे भगवानदादा बाहेर येऊन ते पाऊल टाकीपर्यंत पुढे सरकत नसत.