प्रवासाची वेळ आणि मोबाइलमधील दिनदर्शिका

गोव्यातील अनेक घरांतील माणसे उदरनिर्वाहासाठी परदेशी गेलेली आहेत. कोणी दुबई, मस्कत, दोहा किंवा कुवेत येथे नोकरी करतात, कोणी बोटीवर आहेत, तर कोणी पोर्तुगाल अथवा इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आहेत. पूर्वी अशा माणसाच्या जाण्यायेण्याचा दिवस भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करून ठेवीत. आता ही नोंद मोबाइलमधील कॅलेंडरमध्ये होते आणि ठरल्या वेळेपूर्वी मोबाइल आपणास आठवणही करून देतो. ही सोय मोठीच आहे. परंतु भिंतीवरच्या आणि मोबाइलमधल्या दिनदर्शिकेत एक महत्त्वाचा भेद आहे. भिंतीवर आपण जे लिहितो ते कोठेही नेले तरी तसेच राहते; मोबाइल मात्र देश बदलला की नोंदीतील वेळ बदलून दाखवितो. हा भेद ध्यानात न घेतल्यास विमान चुकण्याचा प्रसंग येऊ शकतो.

चूक कशी होते?

समजा, दुबईत नोकरीस असलेला एक तरुण रजेवर घरी येणार आहे. परतीचे तिकीटही तो तेथेच काढतो. परतीचे विमान गोव्याहून पहाटे ३-०० वाजता सुटणार असते. तो दुबईत बसून आपल्या मोबाइलमध्ये ‘पहाटे ३-००’ अशी नोंद करतो. त्या वेळी मोबाइल दुबईच्या वेळेवर चालत असल्याने तो ही वेळ दुबईची समजतो. दुबईत पहाटेचे तीन वाजतात तेव्हा भारतात साडेचार वाजलेले असतात. त्यामुळे तरुण गावी पोहोचताच तीच नोंद ‘पहाटे ४-३०’ अशी दिसू लागते. त्या वेळेवर विसंबून तो निघाला, तर विमानतळावर दीड तास उशिरा पोहोचेल. तिकिटाचे पैसे तर जातीलच, शिवाय रजेची मुदत संपल्यामुळे नोकरीवरही संकट येईल.

याउलट, गोव्यात बसून दुबईहून सुटणाऱ्या विमानाची अशीच नोंद केली, तर दुबईत ती दीड तास अगोदरची दिसेल. तेव्हा विमानतळावर थोडे ताटकळावे लागेल, इतकेच. म्हणजे जेथे नोंद केली त्या ठिकाणाच्या पूर्वेस असलेल्या गावाहून निघताना ही चूक घातक ठरते आणि पश्चिमेकडील गावाहून निघताना ती निभावून जाते. एकदा निभावल्यामुळे ती लक्षात येत नाही आणि पुढच्या वेळी महाग पडते.

प्रमाणवेळ म्हणजे काय?

पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी, म्हणजे ३६० अंश, पूर्ण करते. म्हणून एका तासात १५ अंश आणि एका अंशास चार मिनिटे असा हिशेब पडतो. पूर्वेकडील गावी सूर्य आधी उगवतो, पश्चिमेकडील गावी नंतर. प्रत्येक गावाने आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले, तर रेल्वे, तार, कचेऱ्या यांचा कारभार चालणार नाही. यासाठी एका विभागापुरती एक वेळ ठरवितात. तीच प्रमाणवेळ, आणि तो विभाग म्हणजे टाइम झोन होय. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरून भारताची प्रमाणवेळ ठरलेली आहे. ती जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०६ साली प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहरात सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत प्रचारात होती. त्यामुळे कोणी वेळ सांगितली की ती कोणती, असे विचारून घ्यावे लागे. मोबाइलमध्ये नोंद करताना आज आपणास नेमका हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

दुबई व मस्कत येथील वेळ आपल्या दीड तास मागे आहे. कतार, कुवेत, बहरीन व सौदी अरेबिया येथील वेळ अडीच तास मागे आहे. सिंगापूरची वेळ आपल्या अडीच तास पुढे आहे. इंग्लंड व पोर्तुगालची मुख्य भूमी येथील वेळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. उन्हाळ्यात तेथे घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हे अंतर साडेचार तासांचे होते. हा बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपतो.

नोंद कशी करावी?

पहिली गोष्ट म्हणजे, विमानाच्या तिकिटावरील प्रत्येक वेळ ही त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. म्हणून तिकिटावरील वेळेत मनाने काहीही मिळवू अथवा वजा करू नये. ती जशीच्या तशी भरावी आणि सोबत ती कोणत्या गावची हे कॅलेंडरला सांगावे.

नवीन नोंद करताना तारीख व वेळ यांच्याजवळ किंवा ‘अधिक पर्याय’ या ठिकाणी ‘टाइम झोन’ असा रकाना बहुतेक कॅलेंडरांत आढळतो. तेथे शहराचे नाव निवडावे. भारताच्या वेळेसाठी यादीत बहुधा कोलकात्याचे नाव असते; पणजी वा मुंबई न दिसल्यास गोंधळून जाऊ नये. लंडनच्या प्रवासासाठी ‘लंडन’ हेच नाव निवडावे, नुसती जागतिक प्रमाणवेळ निवडू नये. शहराचे नाव दिले की उन्हाळ्याच्या बदलाचा हिशेब मोबाइल स्वतः करतो.

काही कॅलेंडरांत आरंभाची व शेवटची वेळ यांना निरनिराळे विभाग देता येतात. ही सोय असेल तर नोंद बरोबर झाली की नाही, हे ताडून पाहता येते. उदाहरणार्थ, विमान गोव्याहून पहाटे ४-०० वाजता निघून दुबईस ५-३० वाजता पोहोचते असे धरू. दोन्ही वेळा एकाच विभागात भरल्या, तर कॅलेंडर हा प्रवास दीड तासाचा दाखवील. आरंभास कोलकाता व शेवटास दुबई दिल्यास तो तीन तासांचा दिसेल. तिकिटावर प्रवासाचा कालावधी छापलेला असतो. तो आणि कॅलेंडरमधील कालावधी जुळला की नोंद बिनचूक झाली असे समजावे. ज्या कॅलेंडरात एकच विभाग देता येतो, तेथे निघण्याच्या गावचा विभाग द्यावा आणि पोहोचण्याची वेळ टिपणात शब्दांत लिहावी.

तारखेची दक्षता

परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. पंचांगात वार सूर्योदयापासून बदलतो आणि बोलण्यातही आपण ‘सोमवारी रात्री दीड वाजता’ असे म्हणून जातो. तिकिटावरील तारीख मात्र रात्री बारा वाजता बदलते. १० तारखेस रात्री १२-३० चे विमान असेल, तर ९ तारखेस रात्री जेवण आटोपून घराबाहेर पडावे लागेल. पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ अशी खूण असल्यास ती वेळ दुसऱ्या दिवसाची समजावी.

परगावी उतरल्यावर मोबाइलने नवी वेळ घेतली आहे ना, हे विमानतळावरील घड्याळाशी ताडून पाहावे. निघण्याच्या आदल्या दिवशी कॅलेंडरमधील वेळ मूळ तिकिटाशी पुन्हा एकदा जुळवावी. दोहोंत फरक आढळल्यास तिकीट प्रमाण मानावे. विमान कंपनीने वेळ बदलल्याचे कळविले असल्यास नव्या वेळेची नोंद याच रीतीने करावी.

गावातील वडीलधाऱ्या मंडळींस हे रकाने भरणे अवघड वाटणे स्वाभाविक आहे. भूगोलाच्या तासाला रेखांश शिकविताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अशी एखादी नोंद करवून घेतल्यास धडाही पक्का होईल आणि घरच्या माणसाच्या उपयोगीही पडेल. मुलाने आईवडिलांस इतकेच विचारावे, की तिकिटावरची ही वेळ कोणत्या गावची? त्याचे उत्तर नोंदीत उतरले म्हणजे रजेवर आलेला माणूस निर्धास्तपणे घरी राहील आणि वेळेवर कामावर परतेल.